भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकला की दुपारी रस्त्यावरच्या मुली ओळखूच येत नाहीत. डोक्या-तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, अंगात सनकोट. धुळ्यातही हेच. उन्हापासून बचावाचा हा बंदोबस्त खानदेशात इतका नेहमीचा आहे, की पूर्ण बाह्यांकडे कुणाचं लक्षही जात नाही. घरी आल्यावर मात्र स्कार्फ सुटतो, सनकोट खुंटीला जातो आणि कूलरसमोर सगळे मोकळे होऊन बसतात. अशा वेळी घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा तिथेही मनगटापर्यंत बाही ओढून बसत असेल, भांडी घासतानाही ती वर सरकवत नसेल, कुणी हात धरला तर झटक्यात सोडवून घेत असेल, तर घरच्यांनी तिकडे लक्ष द्यायला हवं. "मांजरानं ओरबाडलं" हे उत्तर एकदा खरं असू शकतं. महिन्यात तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं, तर ते खरं नसण्याचीच शक्यता जास्त.

पुष्कळदा त्या बाहीखाली काहीच नसतं. वयात येणारी मुलं अंग झाकतात, लाजतात, एकटी राहू पाहतात. पण काही मुलांच्या हातांवर, मांड्यांवर किंवा पोटावर त्यांनी स्वतःच केलेल्या जखमा, ओरखडे किंवा चटके असतात. जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करण्याचा हा प्रकार मानसोपचारतज्ज्ञांना चांगला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या आपल्या निदानपुस्तिकेत त्याची अधिक अभ्यासाची गरज असलेली स्वतंत्र अवस्था म्हणून नोंद केली. सुरुवात बहुतेक वेळा १२ ते १४ या वयात होते. म्हणजे सातवी, आठवी, नववीत.

महाराष्ट्रातल्या पालकांनी मुलांचे हात एकदा निरखून पाहिले होते, तेही घाबरून. जुलै २०१७च्या अखेरीस मुंबईत अंधेरीला १४ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला आणि त्याच्याशी 'ब्लू व्हेल' नावाच्या ऑनलाइन खेळाचं नाव जोडलं गेलं. पाठोपाठ सोलापूरहून घर सोडून निघालेल्या तशाच वयाच्या एका मुलाला भिगवणला बसमधून उतरवून घेतल्याची बातमी आली. केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप अशा कंपन्यांना त्या खेळाच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. घरोघरी मुलांचे फोन तपासले गेले, हातावर माशाचं चित्र आहे का ते पाहिलं गेलं. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की चौकशी समितीने तपासलेल्या एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही.

खेळाची बातमी विरली, आणि हातांकडे पाहणंही थांबलं. हे दुसरं व्हायला नको होतं. रशियातून आलेल्या कुठल्याशा खेळापायी मुलं स्वतःला इजा करतात असं मानलं, की दोष बाहेरच्यावर ढकलता येतो. पण स्वतःला दुखवणारी मुलं त्या खेळाच्या आधीही होती आणि आजही आहेत.

किती? वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तर किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के मुलांनी आयुष्यात एकदा तरी असं केल्याचं दिसतं. बंगळुरूत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत आदल्या वर्षभरात स्वतःला काही ना काही इजा केल्याचं सांगणारे ३१ टक्क्यांच्या आसपास निघाले. त्यात किरकोळ प्रकारही मोजलेले होते, म्हणून त्या आकड्याने घाबरून जायचं कारण नाही. पण साठ मुलांच्या वर्गात असं एकही मूल नसेल, असं कुठल्याच शिक्षकाने गृहीत धरू नये. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने सांगितलं.

मोठ्यांना न कळणारी गोष्ट एकच असते: दुःख झालं म्हणून कुणी स्वतःला आणखी का दुखवेल? तज्ज्ञांचं म्हणणं असं, की या मुलांना वेदना नको असते, त्यांना सुटका हवी असते. चाचणीत कमी गुण पडलेत, घरात सही मागायची हिंमत नाही, दुपारी मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलंय, रात्री आई-बाबांचं भांडण चाललंय आणि त्यात आपलंही नाव येतंय. छातीत जे साठतं ते सांगायला शब्द नसतात, आणि शब्द असले तरी ऐकणारं कुणी नसतं. काही मुलं याच्या उलट सांगतात: आत सगळं बधिर झालेलं असतं, काही जाणवावं म्हणून ती तसं करतात. काहींच्या मनात स्वतःबद्दल इतका राग असतो, की आपल्याला शिक्षाच व्हायला हवी असं त्यांना वाटतं. शारीरिक वेदनेमुळे लक्ष काही काळ दुसरीकडे जातं, पण ते काही मिनिटंच. मग लाज येते, ते लपवायची धडपड सुरू होते, "आपण वेडे आहोत का?" ही भीती बसते. मूळची गोष्ट जिथल्या तिथेच असते, वर आता एक गुपितही सांभाळायचं असतं. पुढच्या वेळी मन आपोआप त्याच वाटेने जातं. सवय लागते ती अशी, आणि "पुन्हा करू नकोस" एवढ्या सांगण्याने ती सुटत नाही ती यामुळेच.

हे सगळं मुलींच्याच बाबतीत घडतं, असा एक समज आहे. तो मुलग्यांच्या मुळावर उठतो. रागाच्या भरात भिंतीवर मूठ हाणणारा, डोकं आपटून घेणारा मुलगा "तापट आहे, बापावर गेलाय" म्हणून सोडून दिला जातो. हातावर कुणाचं तरी नाव कोरून घेतलेला कॉलेजकुमार दिसला, की मित्र टाळ्या देतात आणि घरचे लफड्याचा शोध घेतात. त्या मुलाला आत नेमकं काय होतंय, हे कुणीच विचारत नाही.

खानदेशात या ताणाची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पैशातून किंवा कापूस विकून भरलेली क्लासची फी मुलाला रोज आठवत असते, कुणी बोलून दाखवली नाही तरी. दहावी झाली की पोर जळगावला, नाशिकला, लातूरला किंवा थेट कोटाला खोली करून राहतं. शिरपूर, साक्री, चोपड्याच्या आदिवासी पाड्यांतली कित्येक मुलं तर पहिलीपासूनच आश्रमशाळेत राहतात. तापाची गोळी द्यायला तिथे कुणीतरी असतं, पण रात्री रडणाऱ्या मुलाजवळ बसायला कुणी असेलच असं नाही.

मुलींचं आणखी एक कारण आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २२ टक्क्यांच्या आसपास होतं. धुळे जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास होतं. अकरावीच्या वर्गात बसलेल्या मुलीला घरी पाहुणे पाहायला येतात, तिची शाळा सुटणार हे ठरलेलं असतं आणि त्यावर तिचं मत कुणी विचारत नाही. अशी मुलगी गप्प गप्प राहू लागली, तर "लग्न ठरलं की मुली लाजतात" असं म्हणून भागणार नाही.

आणि ताण नेहमी मनातूनच उगवतो असंही नाही, तो बाहेरूनही लादला जातो. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ होत असल्याचं त्यांनी घरी सांगितलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. तीन डॉक्टरांवर ॲट्रॉसिटी आणि रॅगिंगविरोधी कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पायल यांची गोष्ट आणि आठवीतल्या मुलीच्या हातावरचे ओरखडे या एकच गोष्टी नव्हेत. पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखा आहे. ज्याला त्रास होतोय त्याचंच मन "कणखर" करायचं, की त्रास देणाऱ्याला आवरायचं? चिडवणं, मारहाण, जातीवरून टोमणे, नातेवाइकाकडून होणारा लैंगिक अत्याचार यांपैकी काही चालू असेल, तर समुपदेशनाच्या आधी ते थांबवावं लागतं.

घरी कळतं तेव्हा पहिला तासच बहुतेकदा बिघडतो. आई रडते, "आमच्यात काय कमी पडलं?" म्हणते. वडील हात उगारतात किंवा मोबाइल आपटतात. काका "नाटकं आहेत सगळी" म्हणतात. आजीला बाहेरचं झाल्याची शंका येते आणि पोरीला अंगारा लावायला भगताकडे नेलं जातं. कुणी देवासमोर शपथ घ्यायला लावतं. सगळ्यांचा जीव तिच्यासाठीच तुटत असतो, यात शंका नाही. पण त्या गोंधळातून तिला एवढंच समजतं, की आता यापुढे अधिक जपून लपवायचं.

मग करायचं काय? आधी जखम पाहायची. स्वच्छ पाण्याने धुऊन कापड बांधायचं, खोल असेल तर डॉक्टरकडे न्यायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. हे करताना प्रश्नांची सरबत्ती नको. पट्टी बांधणारा शांत हात पाहूनच मुलाला अर्धी गोष्ट कळते. त्यानंतर घरच्या माणसांत नव्हे, एकट्याशी बोलायचं. "का केलंस?" या प्रश्नाला त्याच्याकडे बहुधा उत्तर नसतं. "तुला खूप त्रास होत असणार. कधीपासून होतंय? मी ओरडणार नाही," एवढं पुरे होतं. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा. "काय व्हयनं? सांग माले," असं आजीने जवळ बसून विचारलं, तर शाळेतल्या छापील मराठीत जे सांगता येत नाही ते पोर सांगून टाकतं. लगेच उत्तर आलं नाही तरी उठू नये. मुलं अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गाडीवर मागे बसलेली असताना किंवा दिवा मालवल्यावर बोलतात.

एक प्रश्न मात्र टाळायचा नाही: "जीव नकोसा होतो का? मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल, या भीतीने पालक आणि शिक्षक दोघंही गप्प बसतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर याची पडताळणी झाली आणि २००५मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना असे प्रश्न विचारले, त्यांच्या मनात न विचारलेल्यांपेक्षा जास्त अस्वस्थता किंवा जास्त तसे विचार आले नाहीत. आधीपासून त्रासात असलेली मुलं उलट थोडी हलकी झाली. हा प्रश्न विचारणं गरजेचं आहे, कारण स्वतःला इजा करणारी बहुतेक मुलं मरू इच्छित नसली, तरी पुढे आत्महत्येचा धोका त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते.

इथे शेतकरी कुटुंबांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कापूस पट्ट्यातल्या घरांत फवारणीची औषधं पडवीत, गोठ्यात, कधी तर पलंगाखालीही ठेवलेली असतात. किशोरवयातला टोकाचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. धुळ्या-जळगावच्या शेतकऱ्याला बंदीची वाट पाहायचं कारण नाही. लागेल तेवढंच औषध आणावं, उरलेलं कुलूपबंद पेटीत ठेवावं, किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. घरातल्या गोळ्या-औषधांनाही हाच नियम लावावा.

पोलिसांची भीती हे उपचार टाळण्याचं एक मोठं कारण. दवाखान्यात नेलं की "केस" होईल, पोरीचं नाव खराब होईल, पुढे लग्न जमणार नाही, असं घरचे म्हणतात. कायदा आता तसा राहिलेला नाही. २९ मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते. हा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आणि यातून मुलं बाहेर पडतात, हे पालकांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात शाळकरी मुलांचा पंचविशी ओलांडेपर्यंत मागोवा घेतला गेला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, किशोरवयात स्वतःला इजा करणाऱ्यांपैकी ९० टक्के तरुणपणी तसं करत नव्हते. मात्र नैराश्य आणि चिंता असलेल्या मुलांनी उपचारांवाचून आपोआप बरं होण्याची वाट पाहणं धोक्याचं, असंही त्या संशोधकांनी बजावलं.

यावरच्या सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक जिने घडवला, तिची गोष्ट या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. मार्शा लिनहान १९६१मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, अमेरिकेत हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल झाल्या. त्या स्वतःला वारंवार इजा करत. पुढे त्याच मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आपल्यासारख्या माणसांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती तयार केली, ज्यात भावनेची लाट आली की ती ओळखायची कशी, तेवढा वेळ इजा न करता निभवायचा कसा, आणि हवं ते मागायचं कसं, हे एकेक कौशल्य म्हणून शिकवलं जातं. २०११मध्ये त्यांनी आपला भूतकाळ पहिल्यांदा जाहीरपणे सांगितला. जगभरातले मानसोपचारतज्ज्ञ तोवर कित्येक वर्षं त्यांचीच पद्धत वापरत होते.

देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, सरासरी ०.७५ आहे. तरी खानदेशात दारं अगदीच बंद नाहीत. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत आणि तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं.

शाळा-महाविद्यालयांची जबाबदारी तर आता ऐच्छिक राहिलेलीच नाही. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. टेलि-मानससारख्या मदतसेवांचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावलेले हवेत. हे निर्देश खाजगी क्लासेसनाही लागू आहेत. शंभराच्या वर मुलं कोंबून बसवणारे क्लास जळगावातही आहेत आणि धुळ्यातही.

तेव्हा पालकांनो, जूनमध्ये शाळा-कॉलेजं आणि क्लास सुरू होतील, तेव्हा फीचा पहिला हप्ता भरताना दोन गोष्टी विचारा: तुमचा समुपदेशक कोण, आणि तो आठवड्यातून किती दिवस येतो? उत्तर मिळालं नाही, तर पालक सभेत पुन्हा विचारा, आणि न्यायालयाच्या आदेशाची तारीख सांगून विचारा. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःलाच त्रास होत असेल, तर आजच विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगा किंवा १४४१६ला फोन करा. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ किंवा ११२ला लगेच फोन लावा.